न थांबणारा र

वडिलांना भेट द्यायची तर शाल द्यावी, चष्म्याची फ्रेम द्यावी, फारच ऊत आला असेल तर आरामखुर्ची द्यावी. या वस्तूंना बटणं नसतात. मी मेकॅनिकल कीबोर्ड दिला.

कारणही तसंच होतं. बाबांनी आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवला. आमच्या गावात ज्याला म्हणून टाइप करता येतं, त्याच्या बोटांवर कधी ना कधी बाबांची लाकडी पट्टी पडलेली आहे. त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. माझी बायकोही सरच म्हणते, कारण ती आधी त्यांची विद्यार्थिनी होती आणि सून नंतर झाली. बाबा म्हणणारा मी एकटाच. तर या जुन्या विद्यार्थ्यांनी मेळावा ठरवला आणि त्यात ठेवला एक खास कार्यक्रम: सर डोळ्यांवर पट्टी बांधून स्टेजवर टाइप करणार आणि अक्षरं मागच्या भिंतीवर सगळ्या हॉलला दिसणार. टाइपरायटर काही भिंतीला जोडता येत नाही. म्हणून कीबोर्ड.

दुकानातला पोरगा म्हणाला, “काका, हे टॉपचं मॉडेल. इतकं हलकं आहे की बोट नुसतं टेकवलंत तरी अक्षर उमटतं.” मला तो गुण वाटला. शिवाय बटणं खाली जाताना मस्त खट् खट् आवाज करत होती आणि खालून निळा उजेड येत होता. उजेडाचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं, पण भारी वस्तूत थोडं निरुपयोगी असावंच लागतं.

संध्याकाळी बाबा ताठ बसले. मी कॉम्प्युटरवर जुन्या टाइपरायटरची मांडणी लावून दिली होती, म्हणजे प्रत्येक अक्षर त्यांच्या बोटांच्या ओळखीच्या जागी. त्यांनी मनगटं सैल केली, समोर भिंतीकडे बघितलं आणि सुरू झाले. तो खडखडाट ऐकून स्वयंपाकघरातून बायको पळत आली. क्लास बंद झाल्यापासून हा आवाज घरात झाला नव्हता. बाबांच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. ओळ संपली, बाबा थांबले आणि पडद्याकडे बघू लागले.

पडद्यावर होतं: ‘सर्व विद्यार्थ्यांना माझा मनापासून नमस्काररररररररर’

आणि तो र थांबेना. आम्ही बघतोय आणि तो आपला पळतोय. ओळ ओलांडून दुसऱ्या ओळीत गेला. बाबांनी दचकून हात उचलले तेव्हा कुठे गडी थांबला. पुन्हा टाइप केलं. या वेळी ‘माझााााााा’ झालं. तिसऱ्यांदा स ची रांग लागली.

बाबांनी दोन्ही हात ट्यूबलाइटखाली धरले, उलटसुलट करून बघितले आणि हळूच म्हणाले, “हात गेला रे माझा.”

ज्या माणसानं अख्ख्या गावाची बोटं घडवली, त्यानं आपल्या बोटांकडे असं बघावं? मी छाती पुढे काढून म्हणालो, “हात कुठला जातोय! मशीन खराब आहे. उद्यापर्यंत दुरुस्त करून देतो.”

मला दुरुस्तीतलं ओ की ठो कळत नाही, हे इथे सांगून टाकतो. मी विमा कंपनीत क्लेम नाकारण्याच्या खात्यात आहे. तिथेही मी दोनच बोटांनी टाइप करतो. हो, सरांचा मुलगा. या विषयावर आमच्या घरात बोलत नाहीत.

सुरुवात सेटिंगपासून केली. तिथे दोन दांड्या सापडल्या. बटण दाबून धरलं तर किती वेळानं अक्षर पुन्हा उमटायला लागावं, ही एक. उमटायला लागलं की किती वेगानं उमटावं, ही दुसरी. मी दोन्ही दांड्या सरकवल्या आणि अर्थातच उलट्या दिशेला सरकवल्या. आता र इतका सुसाट सुटला की बाबांनी हात उचलेपर्यंत पान भरलं. मग मी वैतागून ती सोयच बंद केली. एकदा दाबलं की एकदाच अक्षर, विषय संपला! पण बाबा थांबले की एक आगाऊ र तरी पडायचाच. ‘नमस्कारर.’ टायपिंगच्या परीक्षेत एका जादा अक्षराला अख्खा शब्द चूक धरतात, हे बाबांनीच मला लहानपणी सांगितलं होतं. त्यात खोडायचं बटणही पळायचं बंद झालं. एकेक अक्षर खोडायला एकेकदा दाबायचं. मी तक्रार केली तर बाबा म्हणाले, “ते बटण तू वापरतोस. मी त्याला अजून हात लावलेला नाही.” शेवटी मी ती सोय पुन्हा सुरू करून टाकली.

आता शेजाऱ्यांना यापासून लांब ठेवणं शक्य नव्हतं. आमच्या वरच्या मजल्यावर पूलवाले काका राहतात. त्यांनी नोकरीभर पूल बांधले आणि निवृत्त झाल्यावर लोकांचे मिक्सर उघडले. खडखडाट ऐकून ते हातात स्क्रूड्रायव्हर घेऊनच खाली आले.

“कचरा,” ते कीबोर्ड उलटा करून म्हणाले. “दुसरं काही असूच शकत नाही. पूल का पडतो? सांध्यात कचरा अडकतो म्हणून.”

“पण काका, हा नवा कोरा आहे.”

“नव्यातच जास्त असतो.”

काकांनी एक चिमटा मागितला आणि माझ्या देखत एकेक बटणाची टोपी उपटायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावरच्या काकू साबणाचं पाणी घेऊन आल्या. त्यांचा सगळ्या रोगांवर एकच उपाय असतो, कोमट साबणपाणी. माझ्या सायकलवर, त्यांच्या पोपटावर आणि एकदा वीजमीटरवरही त्यांनी तो करून बघितला आहे. टोप्या न्हाऊन निघाल्या आणि बाल्कनीत वर्तमानपत्रावर वाळत पडल्या. मी क्षणभर चहा घ्यायला आत गेलो, तेवढ्यात एक कावळा आला आणि प्रश्नचिन्ह घेऊन गेला. खरं सांगतो, मला राग नाही आला. त्याक्षणी आमच्या घरात प्रश्नांची टंचाई नव्हतीच.

टोप्या परत बसवताना काकांनी ‘सोपं आहे, डोळे मिटून बसवतो’ असं म्हटलं आणि तसंच केलं. मी रात्रीचं जेवण विसरून, म्हणजे अगदीच विसरून नाही, जेवता जेवता तो कीबोर्ड बघत होतो. क च्या जागी ळ होता. पूर्णविराम वरच्या ओळीत जाऊन बसला होता. मी माझं स्वतःचं नाव टाइप करून बघितलं तर ते एखाद्या औषधाचं निघालं. आता बाबांना काय तोंड दाखवायचं? तर सकाळी बाबा उठले, बसले आणि त्या वाटोळं झालेल्या कीबोर्डवर खाडखाड अख्खा परिच्छेद टाइप केला. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. त्यांना पत्ताच नव्हता! ज्यानं जन्मात बटणांकडे बघितलं नाही, त्याला वर काय लिहिलंय याच्याशी काय देणंघेणं? पण परिच्छेद संपला, बाबा थांबले आणि पुन्हा ररररर.

“बघ,” बाबा म्हणाले. “सगळं येतं. फक्त थांबता येत नाही. म्हाताऱ्याचं असंच होतं. कोर्टातल्या ताईंना फोन लाव आणि सांग, सरांना जमणार नाही.”

कोर्टातल्या ताई म्हणजे मेळाव्याच्या कर्त्याधर्त्या. मी फोन लावल्यासारखं केलं आणि लागत नाही म्हणून सांगितलं. मग बाबांनी स्वतः लावायच्या आत मी कंपनीच्या ग्राहकसेवेला लावला.

ग्राहकसेवेतली मुलगी फार गोड बोलायची. गोड बोलणाऱ्यांकडून काम होत नाही, हा माझा खात्यातला अनुभव आहे, कारण आम्हालाही तसंच बोलायला शिकवतात. “सर, आपली तक्रार आमच्यासाठी फार महत्त्वाची आहे,” ती म्हणाली. हे वाक्य मी रोज म्हणतो! तिनं सांगितलं की तक्रार वेबसाइटवर त्याच कीबोर्डवरून भरायची, म्हणजे कीबोर्ड जोडलेला आहे याची खात्री होते. बाबा टाइप करायला बसले. ‘बटण दाबून सोडल्यावरही र’ एवढं लिहून ते विचार करायला थांबले आणि चौकट भरली. वेबसाइटनं लाल अक्षरांत कळवलं की तक्रार प्रमाणापेक्षा लांब आहे, कृपया थोडक्यात सांगा. शेवटी बाबांना एकेक अक्षराची जागा विचारत मी माझ्या दोन बोटांनी ती भरली. लगेच उत्तर आलं: दोष दिसेल असा व्हिडिओ पाठवा.

मी मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर टेकवला आणि स्वतः टाइप करत व्हिडिओ काढला. काहीही झालं नाही! एक अक्षर पळालं नाही. डॉक्टरसमोर गेल्यावर पोराचा खोकला थांबतो ना, तसं. बायकोनं टाइप केलं तर मात्र तिचाही र एकदा सुटला. ती दचकून बाजूला झाली. मग बाबांना बसवलं, त्यांनी टाइप केलं, थांबले आणि र ची रांग लागली. मी ओरडलो, “सापडला!” आणि त्यांच्या हातांचा झकास व्हिडिओ काढला.

तो व्हिडिओ आम्ही दोघं नवराबायको स्वयंपाकघरात बघत होतो. बायकोनं तो थांबवला, मागे नेला, पुन्हा बघितला आणि कपाळाला हात लावला.

“कीबोर्ड चांगला आहे,” ती म्हणाली.

“म्हणजे बाबांचा हात?”

“हातही चांगलाच आहे. अरे, बोटं बघ ना. कुठे आहेत?”

बोटं मधल्या ओळीवर होती. आठही, अगदी शिस्तीत, चांगली वजन टाकून टेकलेली. क्लासात त्या ओळीला बाबा ‘घर’ म्हणायचे. अक्षर मारायला बोट बाहेर जाईल, पण काम झालं की लगेच घरी येऊन टेकायचं. ज्याचं बोट अधांतरी दिसलं, त्याच्यावर पट्टी. टाइपरायटरचं बटण इतकं जड की त्याच्यावर बोट टेकवा, नाहीतर कोपर टेकवा, काही उमटायचं नाही. आणि मी आणलेला हा कीबोर्ड कसा? बोट नुसतं टेकवलं तरी अक्षर! टाइप करताना बोटं पळती असतात, थांबली की वजनासकट टेकतात. पळत होती तीही नेमकी मधल्या ओळीचीच अक्षरं: र, काना, स. मी दोन बोटांनी कोंबडीसारखा टोचतो आणि हात लगेच उचलतो, म्हणून माझं काही पळालं नाही. बायको बाबांच्या हाताखालची, म्हणून तिचं पळालं.

मी आनंदानं उडीच मारली. हात गेलेला नाही! “चल, सांगू या बाबांना.”

“काय सांगणार?” बायकोनं विचारलं. “की सर, तुम्ही आम्हाला जन्मभर जे शिकवलंत, तीच चूक आहे?”

मी खाली बसलो. हे म्हणजे आगीतून फुफाट्यात. हात गेला असं वाटून ते खचले होतेच, त्यात शिकवणच गेली म्हटल्यावर उरलं काय? तरी मी संध्याकाळी चहाच्या वेळी आडून आडून विषय काढला. “बाबा, समजा बोटं जरा वर धरली तर?”

बाबांनी कप खाली ठेवला. “बोटं वर धरणारा माणूस टायपिस्ट नसतो. तो माश्या हाकलत असतो.”

विषय संपला. आता एकच मार्ग होता: गुपचूप बटणं जड करायची. दुकानातला पोरगा म्हणाला की या मॉडेलची बटणं उपटून जड स्प्रिंगांची बसवता येतात, मागवावी लागतील, मेळाव्याच्या आधी येतील. मी मागवली. बाबांना सांगितलं, कंपनीनं दोष मान्य केलाय, नवा भाग येतोय. बाबांचा चेहरा जरा उजळला आणि त्यांनी ताईंना फोन करायचं लांबणीवर टाकलं. त्यांच्या कोटाला इस्त्री झाली. पूलवाले काकांनी मात्र ‘अर्थिंग नीट नाही’ असं नवं निदान करून आमच्या कॉम्प्युटरची वायर नळाला बांधली, ती बायकोनं सोडली.

मेळाव्याच्या सकाळपर्यंत पार्सल आलं नाही. आला तो मेसेज: घर बंद असल्यामुळे पार्सल परत नेत आहोत. घर बंद! आम्ही तिघं, पूलवाले काका आणि साबणपाणीवाल्या काकू असे पाचजण घरात दाराकडे डोळे लावून बसलो होतो. मी धावत कुरिअरच्या ऑफिसात गेलो. तिथल्या माणसानं माझं पार्सल मला लांबून दाखवलं सुद्धा.

“तेच आहे, द्या ना!”

“देता येत नाही. सिस्टिममध्ये तुम्ही घरी नाही आहात.”

“पण मी घरी नाहीच आहे, मी इथे आहे!”

“तेच म्हणतोय ना मी,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला.

मी हात हलवत परत आलो. बाबांनी कोट घातला होता, केस विंचरले होते. “आला भाग?” त्यांनी विचारलं. मी “बसवला” म्हणालो. तोंडातून निघून गेलं. बायकोनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की रिक्षात मी तिच्या शेजारी न बसता ड्रायव्हरजवळ बसलो.

हॉल गच्च भरला होता. बँकेतले, कचेऱ्यांतले, हॉस्पिटलच्या नोंदी करणारे, बरेचसे आता पिकल्या केसांचे. सर आत आले तसे सगळे ताडकन उभे राहिले. ताईंनी बाबांच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधली. मी कीबोर्ड जोडला. कॉम्प्युटर हॉलचा होता, म्हणून त्यावरही जुन्या टाइपरायटरची मांडणी लावून दिली.

बाबा सुटले. काय सांगू! भिंतीवर ओळीमागून ओळ, एक चूक नाही. ताई कागदावरून वाचत होत्या आणि त्यांचं वाचून व्हायच्या आत भिंतीवर उमटत होतं. टाळ्या सुरू झाल्या. आता थांबू नका, बाबा, थांबू नका, असं मी मनात घोकत होतो. पण टाळ्या वाढल्या, ताई भारावून गप्प झाल्या आणि बाबा थांबले. हसले. बोटं टेकली.

रररररररररररररर.

टाळ्या विझल्या. र भिंतीच्या या टोकापासून त्या टोकाला गेला आणि खालच्या ओळीत उतरला. डोळ्यांवर पट्टी असल्यामुळे बाबांना काही दिसत नव्हतं, पण शांतता ऐकू आली. त्यांनी पट्टी वर सरकवली, मागे वळून भिंत बघितली आणि त्यांचे खांदे पडले. मी धावत स्टेजवर चढलो. काय बोलणार होतो देव जाणे, बहुधा सगळा दोष पूलवाले काकांवर घालणार होतो.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. हॉस्पिटलच्या नोंदीवाल्या. “सर! अहो, माझं पण अस्संच होतं! मुलाच्या लॅपटॉपवर बसले की य ची माळ लागते. तो म्हणतो, आई, तू लावूच नकोस हात.”

“माझं पण!” बँकेतले एक टकले गृहस्थ उठले. “आमच्या साहेबांनी माझे कीबोर्ड बदलून बदलून शेवटी मला बदललं.”

“माझा स जातो!”

“माझा काना!”

हात वर होऊ लागले. इकडून तिकडून, पार दारापर्यंत. आपलंच काहीतरी बिघडलंय, वय झालंय, असं मनात धरून बसलेले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग माझी बायको उभी राहिली. मला वाटलं, आता ही हात वर करणार. ती म्हणाली, “सर, नवी बटणं हलकी आहेत. आपली बोटं मात्र तुम्ही बसवलीत तिथेच आहेत. अजून.”

बाबांनी भिंतीकडे बघितलं, हॉलकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज एकदम क्लासातला निघाला. “रांग लावा. एकेकानं वर या. बोटं तपासायची आहेत मला.”

आणि काय सांगू तुम्हाला, लावली रांग! पिकल्या केसांची माणसं शाळकरी पोरांसारखी एकमेकांना ढकलत स्टेजवर चढली. ज्यानं त्यानं यायचं, बसायचं, बोटं टेकवायची. भिंतीवर र पळाला, काना पळाला, य पळाला की बाबा म्हणायचे, “पास!” आणि हॉल टाळ्यांनी दणाणायचा. एका गृहस्थांचा र निघेचना, तर त्यांनी कोणाला कळू नये म्हणून बोट हळूच दाबलं, ते बाबांनी बरोबर पकडलं आणि दोनदा बसायला लावलं, तेव्हा कुठे त्यांचा र पळाला. ताई पास झाल्या. बायको पास झाली, तीही पहिल्या फटक्यात.

मग कोणीतरी ओरडलं, “सर, चिरंजीवांचं काय?”

मी पळायच्या बेतात होतो, पण बायकोनंच मला खुर्चीत बसवलं. मी बोटं ठेवली. म्हणजे सवयीनं वरच्यावर धरली. सगळा हॉल भिंतीकडे बघत होता. भिंत पांढरीशुभ्र. एक टिंब उमटेना. त्या अख्ख्या हॉलात ज्याच्या हाताखाली कीबोर्ड बिनचूक चालला असा मी एकटाच होतो.

बाबांनी माझ्या अधांतरी बोटांकडे बघितलं आणि मेळाव्याचं आमंत्रण आल्यापासून पहिल्यांदाच पोट धरून हसले.

“नापास!” ते म्हणाले.

शाळेत, कॉलेजात आणि खात्याच्या परीक्षेत मी पुष्कळदा नापास झालोय. पण इतक्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या, आणि इतका आनंदही कधी झाला नव्हता.